युरियाचा डाग

पेरणी होऊन पंधरा-वीस दिवस झाले, एखादा बरा पाऊस पडला, की उमरखेडच्या कृषी सेवा केंद्रांपुढे रांगा दिसू लागतात. ४५ किलोची निमकोटेड युरियाची गोणी, छापील किंमत २६६ रुपये ५० पैसे. अशाच एका रांगेत ओळखीचे एक शेतकरी भेटले. पोफाळीकडे त्यांचा ऊस आहे, थोडी हळद आहे. त्यांनी खिशातून घडी घातलेला लॅबचा कागद काढला आणि माझ्यापुढे धरला.

“सर, हे पाहा बरं. ब्लड युरिया ११८ लिहून दिलं. युरिया मी शेतात टाकतो ते कळते, पण रक्तात कसा काय शिरला? भाजीतून येते का?”

आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं असल्यामुळे याचं उत्तर तोंडावर होतं. पण त्यांचा दुसरा प्रश्न अवघड निघाला. त्यांचे मोठे भाऊ डायलिसिसवर आहेत. आठवड्यातून तीनदा नांदेडला जातात. उमरखेडच्या माणसाला यवतमाळ जिल्ह्याचं ठिकाण असलं, तरी नांदेडच जवळ पडतं. “डायलिसिस झालं की रिपोर्टात युरिया खाली येते. मग माणूस तसाच मलूल का राहते? युरिया गेला ना?”

युरिया गेला हे खरं, पण जाण्याआधी तो काहीतरी करून गेलेला असतो. त्याने काय केलं, ते या लेखात पाहायचं आहे.

गोणीतला आणि रक्तातला

आधी पहिला प्रश्न. गोणीतला युरिया आणि रक्तातला युरिया हा एकच पदार्थ आहे. कार्बनचा एक अणू, ऑक्सिजनचा एक, नायट्रोजनचे दोन, हायड्रोजनचे चार. फरक फक्त कारखान्याचा. गोणीतला युरिया खत कारखान्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड यांपासून होतो. आपल्या शरीरातला कारखाना म्हणजे यकृत, आणि कच्चा माल तोच.

वरण, दूध, अंडी, मटण यांतली प्रथिनं शरीर फोडतं, वापरतं, आणि उरलेल्या नायट्रोजनचा अमोनिया होतो. अमोनिया मेंदूला विषारी. तो साठू देऊन चालत नाही, म्हणून यकृत त्याचा युरिया करून टाकतं. हे चक्र हान्स क्रेब्स आणि कुर्ट हेन्सेलाइट यांनी १९३२ साली उलगडलं. धडधाकट माणसात रोज साधारण २० ते ३० ग्रॅम युरिया तयार होतो. म्हणजे भाजीवर फवारलेल्या खताचा यात काही दोष नाही. आपण प्रत्येकजण एक छोटा युरिया कारखाना पोटात घेऊन फिरतो.

तयार माल बाहेर पाठवायचं काम मूत्रपिंडांचं. एकेका मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मिळून दिवसाला जवळजवळ १८० लिटर द्रव गाळतात, त्यातलं कामाचं सगळं पुन्हा रक्तात ओढून घेतात आणि दीड-दोन लिटर लघवी बाहेर सोडतात. मधुमेह, रक्तदाब किंवा आणखी कशाने या गाळण्या एकेक करून बंद पडू लागल्या, आणि ती अवस्था तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकली, की डॉक्टर त्याला मूत्रपिंडाचा दीर्घकालीन विकार म्हणतात. मग युरिया रक्तात तुंबतो. एरवी १०० मिलिलिटर रक्तात १५ ते ४० मिलिग्रॅम असणारा युरिया शंभराच्या, दोनशेच्या घरात जातो.

वैद्यकशास्त्र बराच काळ युरियाला गरीब बिचारा समजत होतं. किडनी किती बिघडली हे त्याच्यावरून मोजायचं, पण खरं विष दुसरंच काही असणार, असा समज होता. युरिया बिनविषारी म्हणूनच तर शरीराने तो निवडला! त्याच्या पोटात काय दडलंय हे कळायला रसायनशास्त्राच्या वाटेने यावं लागलं.

गोणीवरचा तिसरा शब्द

पुढच्या वेळी गोणी घरी आली की तिच्यावरचा मजकूर वाचून पाहा. नायट्रोजन कमीत कमी ४६ टक्के, ओलावा जास्तीत जास्त १ टक्का, आणि पुढे एक अनोळखी शब्द: बायुरेट, जास्तीत जास्त १.५ टक्के. बायुरेट जास्त असेल तर फवारणीत पानं करपतात, म्हणून सरकारने त्यावर मर्यादा घातली आहे.

हा बायुरेट येतो कुठून? कारखान्यात युरिया तापतो, तेव्हा त्याचा एखादा रेणू मधोमध तुटतो. एक तुकडा अमोनियाचा, दुसरा आयसोसायनिक आम्लाचा. हा दुसरा तुकडा फार उतावळा. एकटा राहू शकत नाही, समोर जो येईल त्याला चिकटतो. युरियाच्याच दुसऱ्या रेणूला चिकटला की झाला बायुरेट.

हे तुटणं भट्टीतच होतं असं नाही. पाण्यात विरघळलेला युरिया ३७ अंशांनाही, म्हणजे आपल्या अंगच्या उष्णतेलाही, अगदी संथपणे तुटत असतो. निम्मा सोडाच, शंभरातला एक भागसुद्धा तुटत नाही. या तुटलेल्या भागाला द्रावणात सायनेट म्हणतात. सायनेट आणि सायनाइड एक नव्हेत, हे इथेच सांगून टाकतो. नाहीतर घरोघर घबराट व्हायची.

उलटी क्रियाही होते, आणि ती तर रसायनशास्त्रातली सर्वांत गाजलेली क्रिया आहे. १८२८ साली जर्मनीच्या फ्रीडरिख व्योलरने अमोनियम सायनेट तापवलं आणि त्याच्या हाती युरिया लागला. मूत्रपिंडाची गरज न पडता युरिया करता येतो, असं त्याने आपल्या गुरूला मोठ्या आनंदाने कळवलं. सजीवांचे पदार्थ प्रयोगशाळेत होत नाहीत या समजाला तिथे तडा गेला. शाळेत हे आपण सगळेच घोकतो. पण सायनेटपासून युरिया होतो तर युरियापासून सायनेटही होणार, आणि ज्याच्या रक्तात युरिया तुंबला आहे त्याच्या रक्तात हे आयुष्यभर चालू राहणार, हा धड्याचा दुसरा भाग पुस्तकात नसतो.

आयसोसायनिक आम्लाचं एक नातं मात्र आपल्याला माहीत आहे. डिसेंबर १९८४ मध्ये भोपाळमध्ये जो वायू सुटला तो मिथाइल आयसोसायनेट, याच घराण्यातला. दोघांमध्ये नायट्रोजन, कार्बन आणि ऑक्सिजनचं तेच त्रिकूट असतं, आणि ते जिवंत पेशींतल्या प्रथिनांवर धावून जातं. रक्तातलं प्रमाण अत्यल्प, त्यामुळे परिणामाची तुलना करू नये. पण स्वभाव तोच.

हळदीचे हात

प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ, स्वतःभोवती गुंडाळून ठरावीक आकारात बसलेली. या माळेत वीस प्रकारचे मणी असतात. त्यांतला लायसिन नावाचा मणी विशेष आहे. त्याला बाहेर आलेला एक हात असतो आणि हाताच्या टोकाला धन विद्युतभार. या हातांनी प्रथिन स्वतःचा आकार सांभाळतं, दुसऱ्या प्रथिनांना धरतं, औषधं आणि चरबी वाहून नेतं. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनात ५८५ मणी आहेत आणि त्यांतले ५९ लायसिन.

सायनेट नेमकं या हातावर जाऊन बसतं. बसलं की हाताचा विद्युतभार संपतो. हात तिथेच असतो, पण पकड जाते. या क्रियेला कार्बामिलेशन म्हणतात.

आपल्याकडे हळद काढणीनंतर उकडायची, वाळवायची, मग ढोलात घालून पॉलिश करायची. त्या कामावर गेलेल्या बायांचे हात पाहिले असतील. साबण लावा, राखेने घासा, पिवळेपणा जात नाही. तो जातो कातडी झडून नवी आली की. कार्बामिलेशनचा डाग असाच आहे. तो पुसून काढणारं यंत्र शरीराकडे नाही. ते प्रथिन मोडीत निघून नवं आलं, की मगच डाग जातो. अल्ब्युमिनचा निम्मा साठा बदलायला सुमारे २० दिवस लागतात. तांबड्या पेशीतलं हिमोग्लोबिन त्या पेशीबरोबर, सुमारे १२० दिवसांनी जातं. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतलं कोलॅजेन वर्षानुवर्षं टिकतं. आणि डोळ्याच्या भिंगाच्या गाभ्यातली प्रथिनं? ती आईच्या पोटात असताना घडतात आणि जन्मभर तीच राहतात.

गंमत म्हणजे हा डाग रोग्याच्या रक्तात सापडण्याआधी प्रयोगशाळेच्या काचभांड्यात सापडला. प्रथिनांच्या गुंडाळ्या उलगडण्यासाठी संशोधक त्यांना युरियाच्या दाट द्रावणात भिजवत असत. १९६० साली जॉर्ज स्टार्क, विल्यम स्टाइन आणि स्टॅनफर्ड मूर यांनी दाखवून दिलं की युरियातलं सायनेट प्रथिनांना बिघडवतं. म्हणजे ज्याला ते निरुपद्रवी द्रावण समजत होते, तेच प्रयोगात ढवळाढवळ करत होतं. स्टाइन आणि मूर यांना पुढे १९७२ मध्ये प्रथिनांवरच्या कामासाठी नोबेल मिळालं.

गोंदण वेगळं, डाग वेगळा

इथे एक गैरसमज टाळायला हवा. प्रथिनावर काही चिकटलं म्हणजे वाईटच झालं, असं नाही. शरीर स्वतःच प्रथिनांवर सतत खुणा करत असतं. कातडीवर मुद्दाम काढलेलं गोंदण आणि चुकून पडलेला डाग, एवढा हा फरक आहे.

गोंदण काढणारे कारागीर म्हणजे विकरं. एक विकर प्रथिनावर फॉस्फेटचा ठिपका लावतं, काम चालू होतं. दुसरं तो ठिपका काढतं, काम थांबतं. वाड्याच्या दाराला कडी घालावी आणि काढावी तसं. हे शोधणाऱ्या एडमंड फिशर आणि एडविन क्रेब्स यांना १९९२ चं नोबेल मिळालं. (युरियाचं चक्र शोधणारे क्रेब्स वेगळे. दोन क्रेब्स, दोघांनाही नोबेल, परीक्षेत मुलं हमखास घोळ घालतात.)

मूत्रपिंडाच्या आजारात ही मुद्दामची गोंदणंही बिघडतात. एक उदाहरण देतो. प्रतिकारशक्तीचं आयजीए नावाचं प्रथिन साखरेच्या छोट्या साखळ्या अंगावर घेऊन फिरतं. काही लोकांत या साखळीच्या टोकाची गॅलॅक्टोज साखर लावायची राहून जाते. अर्धवट सजलेलं ते प्रथिन शरीराला परकं वाटतं, त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात आणि दोघांचे गोळे मूत्रपिंडाच्या गाळण्यांत जाऊन अडकतात. पॅरिसच्या जाँ बर्जे यांनी १९६८ मध्ये वर्णन केलेला हा आजार तरण्याताठ्या माणसांना गाठतो. सर्दी-पडसं झालं की लघवी चहाच्या रंगाची होते, आणि माणूस म्हणतो उष्णता वाढली.

दुसरं उदाहरण जखमेच्या व्रणाचं. गाळणीला इजा झाली की पेशींना “भरून काढा” असा निरोप जातो. तो निरोप पेशीच्या आत पोचतो फॉस्फेटच्या ठिपक्यांनीच. इजा थांबली तर ठिपके निघतात. इजा वर्षानुवर्षं चालू राहिली, साखर आणि रक्तदाब चढेच राहिले, तर कडी कोणी काढतच नाही. व्रणावर व्रण चढत जातो आणि गाळणीच्या जागी नुसती गाठ उरते.

हिमोग्लोबिनची घट्ट मूठ

डाग पडलेल्या प्रथिनांनी नेमकं काय बिघडतं? हिमोग्लोबिनपासून पाहू, कारण त्याची एक गोष्ट आपल्या भागाशी जोडलेली आहे.

सिकलसेल हा शब्द यवतमाळ जिल्ह्यात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. पैनगंगेच्या दोन्ही काठांवर, बंदी भागातल्या पाड्यांवर आणि एकूणच विदर्भात या आजाराची घरं आहेत. या आजारात हिमोग्लोबिनने ऑक्सिजन सोडला की तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. १९७० च्या सुमारास अमेरिकेत एक कल्पना निघाली. हिमोग्लोबिनला सायनेट चिकटवलं तर ते ऑक्सिजनला घट्ट धरून ठेवतं. सोडलाच नाही, तर पेशी वाकणार कशी? अँथनी सेरामी आणि जेम्स मॅनिंग यांनी १९७१ मध्ये हे दाखवलं, आणि मग रुग्णांना सायनेट तोंडाने देऊन पाहिलं. पेशी वाकणं कमी झालं खरं. पण काही रुग्णांच्या हातापायांच्या नसा बधिर होऊ लागल्या, काहींच्या डोळ्यांत मोतीबिंदू दिसला. औषध बंद करावं लागलं.

मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. सायनेट माणसाच्या अंगात गेल्यावर काय करतं याचा तो अनवधानाने झालेला प्रयोग होता. किडनीच्या रुग्णातही हिमोग्लोबिन थोडंफार असंच मूठ आवळतं, आणि त्याच्याही हातापायांना मुंग्या येतात. त्या मुंग्यांची कारणं अनेक आहेत, सगळं सायनेटच्या माथी मारता येणार नाही.

मोतीबिंदूवरून आठवलं. १९८४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात रायपूर भागातला एक अभ्यास आला होता. ज्यांना आयुष्यात कधी हगवणीने किंवा उन्हाच्या झळेने जीवघेणं पाणी कमी पडलं होतं, त्यांच्यात मोतीबिंदू जास्त आढळला. पाणी आटलं की युरिया वाढतो, युरिया वाढला की सायनेट, आणि भिंगातली प्रथिनं तर कधीच बदलत नाहीत, असा तर्क होता. पुढच्या काही अभ्यासांना तो संबंध दिसला नाही, त्यामुळे तर्क तर्कच राहिला. तरी मे महिन्यात आपल्याकडच्या उन्हात उघड्या रानात राबणाऱ्या माणसाबद्दल वाचताना तो मनात येतोच.

बाकीचं भराभर सांगतो. रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल वाहणारे एलडीएलचे कण सायनेटने डागाळले की धमन्यांच्या भिंतीत रुतून बसतात; किडनीचे बरेच रुग्ण किडनी पूर्ण बंद पडण्याआधीच हृदयविकाराने जातात, त्याचं हे एक कारण मानलं जातं. रक्त वाढवणाऱ्या एरिथ्रोपोएटिनचं कार्बामिलेशन झालं की ते काम विसरतं. अल्ब्युमिनची औषध धरून ठेवण्याची ताकद घटते, त्यामुळे फिटच्या गोळीसारखी काही औषधं किडनीच्या रुग्णाला नेहमीच्या मात्रेतही जास्त पडू शकतात. डॉक्टर अशा रुग्णाला गोळ्यांचा हिशेब वेगळा देतात तो उगाच नाही.

दुसरा डाग साखरेचा

भाकरी तव्यावरून काढून आरावर टाकली की तिच्यावर तांबूस फोड येतात, वास सुटतो. पिठातली साखर आणि प्रथिन यांचा उष्णतेत झालेला तो संयोग. १९१२ साली फ्रेंच डॉक्टर लुई कामिय मेयार याने त्याचं वर्णन केलं. साखर प्रथिनाच्या त्याच लायसिनच्या हाताला धरते. भाकरीवर हे मिनिटात होतं; रक्तात, ३७ अंशांना, महिनोन्महिने लागतात. मधुमेही माणूस आतून मंद आचेवर भाजला जात असतो, असं म्हटलं तर ते फार चुकीचं ठरू नये.

१९६८ मध्ये तेहरानमध्ये सॅम्युएल राहबार यांना मधुमेहींच्या रक्तात एक निराळं हिमोग्लोबिन दिसलं. साखर चिकटलेलं. त्यातूनच आजची एचबीए१सी तपासणी आली, जिला आपण “तीन महिन्यांची शुगर” म्हणतो. तीन महिनेच का, हे आता सांगायला नको: तांबड्या पेशीचं आयुष्यच तीन-चार महिन्यांचं.

पण किडनी बिघडल्यावर ही तपासणी चकवते. अशा रुग्णाच्या तांबड्या पेशी लवकर मरतात, रक्त वाढवायची इंजेक्शनं चालू असतील तर नव्या कोऱ्या पेशींची भर पडते. डाग पडायला वेळच मिळत नाही आणि आकडा खोटाच कमी येतो. तपासणीच्या काही जुन्या पद्धतींत याच्या उलटही व्हायचं, युरियाचा डाग साखरेचा समजून आकडा वाढून यायचा. म्हणून डायलिसिसवरच्या मधुमेहीने नुसत्या या आकड्यावर खूश होऊ नये. रोजची बोटातली शुगर काय म्हणते तेही पाहावं.

साखर चिकटल्यावर पुढे ती दोन प्रथिनांना एकमेकांशी जखडते. ताज्या भाकरीची शिळी, कडक भाकरी व्हावी तसं कोलॅजेन ताठर होतं, धमन्या लवचिकपणा गमावतात. अशा करपलेल्या प्रथिनांचे तुकडे एरवी मूत्रपिंडं बाहेर टाकतात. मूत्रपिंडं थकली की ते साठतात, त्यामुळे ज्याला मधुमेह कधीच नव्हता अशा किडनीच्या रुग्णातही ते भरपूर सापडतात. यांतले काही तुकडे अतिनील प्रकाशात चमकतात. हाताच्या कातडीवर तसा प्रकाश टाकून, सुई न टोचता, साठा मोजणारी यंत्रं आली आहेत. डायलिसिसच्या रुग्णांची कातडी अशा प्रकाशात इतरांपेक्षा जास्त चमकते.

तिसराही एक डाग आहे, गंजाचा. शरीरात सतत सूज असली की पांढऱ्या पेशी तिखट रसायनं सोडतात आणि प्रथिनं गंजतात. त्यात एक आडवाट निघते. बिडी-सिगारेटच्या धुरातून रक्तात थायोसायनेट वाढतं, आणि पांढऱ्या पेशींतलं एक विकर त्याचं थेट सायनेट करतं. २००७ मध्ये हे दाखवलं गेलं. म्हणजे किडनी धडधाकट असूनही बिडी ओढणारा माणूस सायनेटचा डाग विकत घेतो. खर्रा खाणारे यावर हसतील, की आमच्यात धूर नाही. त्यांच्यासाठी तोंडाचे डॉक्टर आहेत.

[चौकट]
डागांची ओळख
• युरियाचा डाग (कार्बामिलेशन): युरिया तुटून सायनेट होतं, ते प्रथिनाच्या लायसिनवर बसतं.
• साखरेचा डाग (ग्लायकेशन): साखर त्याच लायसिनला चिकटते, पुढे प्रथिनं एकमेकांना जखडतात.
• गंज (ऑक्सिडेशन): सततच्या सुजेतून प्रथिनं गंजतात.
• डाग पुसला जात नाही, प्रथिन बदललं की जातो. अल्ब्युमिन: निम्मं सुमारे २० दिवसांत. हिमोग्लोबिन: सुमारे १२० दिवस. कोलॅजेन: वर्षं. डोळ्याचं भिंग: जन्मभर.
[चौकट समाप्त]

डायलिसिस काय धुतं

आता रांगेतल्या त्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. डायलिसिसचं यंत्र चार तासांत रक्तातला जवळजवळ दोन तृतीयांश युरिया काढून टाकतं. लगेच तपासलं तर रिपोर्ट छान येतो. पण यकृताचा कारखाना थांबलेला नसतो. युरिया लगेच पुन्हा चढू लागतो, आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस असलं तरी कुठेतरी दोन दिवसांची मोकळी सुट्टी पडतेच. चढ-उतार, चढ-उतार. या सगळ्या काळात प्रथिनांवर डाग पडत राहतात. यंत्राच्या गाळणीतून युरियासारखा छोटा रेणू जातो. अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन जात नाही, जाऊही नये. म्हणजे पाणी बदललं, पण कपडे तेच. माणसाला थकवा येण्याची इतरही कारणं असतात, रक्त कमी असतं, पाणी ओढून काढल्याने रक्तदाब पडतो, प्रवासानेच जीव जातो. त्यांत हेही एक.

एका दिवसाचा युरिया आणि कित्येक आठवड्यांचा युरिया यांत म्हणूनच फरक करावा लागतो. डागाळलेलं अल्ब्युमिन किती टक्के आहे ते मोजलं तर गेल्या काही आठवड्यांचा हिशेब मिळतो, जसा एचबीए१सीने साखरेचा मिळतो. २०१३ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांनी डायलिसिसच्या रुग्णांत हे मोजलं. ज्यांचं डागाळलेलं अल्ब्युमिन जास्त, त्यांच्यात मृत्यूही जास्त. डाग हा मृत्यूचं कारण आहे की नुसती खूण, यावर शास्त्रज्ञांत अजून वाद चालू आहे. माझं मत विचाराल तर सिकलसेलच्या त्या प्रयोगानंतर त्याला नुसती खूण म्हणणं मला जड जातं.

त्याच संशोधकांना आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांच्या रक्तात मोकळी अमिनो आम्लं कमी, त्यांच्या प्रथिनांवर डाग जास्त. कारण सरळ आहे. सायनेट समोर येईल त्याला चिकटतं; मोकळी अमिनो आम्लं भरपूर असली तर बराच मारा ती झेलतात. लग्नात हळद खेळताना नवरीच्या पुढे करवल्या उभ्या राहिल्या, तर नवरीच्या शालूवर कमी उडते.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. आपल्याकडे किडनीचं निदान झालं की घरचे आधी डाळ बंद करतात, मग अंडी, मग दूध. माणूस भात आणि पातळ भाजीवर येतो. डायलिसिस सुरू होण्याआधीच्या टप्प्यात प्रथिनं आवरती घ्यायला डॉक्टर सांगतात, आणि त्याने युरिया कमी होतो हे बरोबर आहे. पण डायलिसिस सुरू झाल्यावर हिशेब उलटतो. तेव्हा प्रथिनं जास्त लागतात. उपाशी माणसाच्या रक्तात डाग झेलायला करवल्याच उरत नाहीत. किती खायचं ते आहारतज्ज्ञ सांगतील, शेजारी नव्हे.

गाळणी फुटल्याची पहिली खूण

विदर्भात मूत्रपिंडाच्या आजाराचं नाव निघालं की अकोला, बुलडाणा, अमरावतीचा खारपाण पट्टा आठवतो. पूर्णेच्या खोऱ्यातलं ते खारं पाणी आणि तिथल्या किडनीच्या तक्रारी अनेक वर्षं बातम्यांत आहेत. उमरखेड पैनगंगेच्या खोऱ्यात, त्या पट्ट्याबाहेर. म्हणून आपण सुटलो असं मात्र नाही. मधुमेह आणि रक्तदाब यांना पट्टा लागत नाही. त्यात उसाच्या फडात दिवसभर वाकून काम, कंबर धरली की मेडिकलमधून आणलेली दुखण्याची गोळी, आणि ती महिनोन्महिने. उन्हात पाणी आटलेल्या शरीराला ही गोळी मूत्रपिंडावर फार जड जाते.

आणि मूत्रपिंड बोलत नाही. दहातल्या सात-आठ गाळण्या जाईपर्यंत माणूस शेतात नांगरही धरू शकतो. दुखत नाही, लघवी होत असते, मग तपासायचं कशाला? पण प्रथिनंच आधी चहाडी करतात. मधुमेहात गाळणीच्या पडद्यावर साखरेचे डाग पडून तो जाड होतो आणि वर गळकाही होतो. एरवी रक्तातच राहणारं अल्ब्युमिन लघवीत उतरू लागतं. आधी इतकं थोडं, की साध्या तपासणीतही दिसत नाही. पुढे लघवीला फेस येतो, पायावर सूज येते. या पहिल्या टप्प्यात साखर आणि रक्तदाब आवरला, गळती कमी करणाऱ्या गोळ्या मिळाल्या, तर पुढची घसरण बरीच लांबवता येते. त्यानंतर डायलिसिस लागलंच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं. पण खर्च सरकारने केला तरी नांदेडचे आठवड्यातले तीन हेलपाटे आपल्यालाच करावे लागतात.

त्या शेतकऱ्यांना मी त्या दिवशी एवढंच सांगितलं, तेच तुम्हालाही सांगतो. मधुमेह असेल, रक्तदाब असेल, घरात कुणाला किडनीचा त्रास असेल, तर वर्षातून एकदा दोन तपासण्या करा. रक्तातलं क्रिएटिनिन, त्यावरून गाळण्याचा वेग काढून मिळतो. तो ६० च्या खाली तीन महिने राहिला तर डॉक्टरांना भेटायचंच. आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिनचं प्रमाण. ते ३० च्या आत हवं. दुसऱ्या तपासणीचं नाव लांबलचक आहे, म्हणून लॅबमध्ये जाताना चिठ्ठीवर “एसीआर” एवढंच लिहून न्या, आणि बाटलीत सकाळची पहिली लघवी न्या.